शालिनीवहिनींचं वाचन

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी काटोलच्या बसस्थानकावर नागपूरच्या गाडीची वाट पाहत उभा होतो. एका जुन्या सहकाऱ्याची संत्र्याची बाग पाहायला गेलो होतो आणि त्यानं आग्रहानं दिलेली पिशवी पायाशी ठेवली होती. फोन दादाचा होता. "शालू गेली गा," तो म्हणाला. मी विचारलं, "कुठे?" आज तो प्रश्न वेडगळ वाटतो, पण त्या क्षणी मी तो अगदी सरळ मनानं विचारला होता. वहिनी सारख्या कुठे ना कुठे जात असत. सीताबर्डीला सोल्डरची तार आणायला जात, कुणाचा बंद पडलेला टीव्ही पाहायला जात, कधी नुसत्याच मेट्रोत बसून शेवटच्या स्टेशनापर्यंत जाऊन परत येत. दादा म्हणाला, "गेली म्हंजे गेली. तू ये." एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. समोर गाडी लागली होती, कंडक्टर "नागपूर, नागपूर" ओरडत होता. मी चढलो, तिकीट काढलं. शेजारचा माणूस मोबाइलवर संत्र्याच्या भावाबद्दल कुणाशी तरी हुज्जत घालत होता आणि कळमेश्वर येईपर्यंत मी ती हुज्जत लक्ष देऊन ऐकत होतो. माणूस अशा वेळी नेमकं काय करतो ते मी तेव्हा पाहून ठेवलं... तो दुसऱ्याचं ऐकत बसतो.

सकाळी वहिनी छातीत जड वाटतं म्हणाल्या होत्या. दादानं ऑटो बोलावला. त्या स्वतः चालत फाटकापर्यंत गेल्या, ऑटोत बसल्या आणि दवाखाना यायच्या आत गेल्या. संध्याकाळी घाटावर त्रिशरण-पंचशील झालं. गर्दी अपेक्षेपेक्षा मोठी होती आणि त्यातले निम्मे लोक आमच्या ओळखीचे नव्हते. पुढे शोकसभेला, पुण्यानुमोदनाच्या दिवशी, त्यांच्यातले काही पुन्हा आले तेव्हा एकेकानं आपली ओळख सांगितली. त्या ओळखी अशा होत्या... माझा लॅपटॉप, माझ्या मुलीचा टीव्ही, आमच्या क्लिनिकचं बीपी मोजायचं यंत्र. माणसं आपलं नाव सांगायच्या आधी यंत्राचं नाव सांगत होती.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. उत्तर नागपुरात आमचं घर आहे. खाली दादा-वहिनी, वर मी एकटा. दादा शाळेत भूगोल शिकवायचा, मी कॉलेजात मराठी शिकवलं, आणि वहिनी टेलिफोन खात्यात तंत्रज्ञ होत्या. त्या काळात तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गात मुली किती असत, हे वेगळं सांगायला नको. त्यांचे वडील गिरणीत होते. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा ते शाळकरी वयाचे होते, आणि "आपल्याला जे शिकू दिलं नाही ते सारं शिका" असं ते घरात सांगत. वहिनींनी ते जरा शब्दशः घेतलं असावं. एक्स्चेंजमध्ये त्यांनी सारी नोकरी काढली. आधी खडखडणाऱ्या रिले-पट्ट्या होत्या, नंतर नुसते दिवे लुकलुकणारी थंडगार कपाटं आली. शेवटी शेवटी मोबाइलमुळे ती कपाटंही ओस पडत गेली आणि वहिनी घरी आल्या. उंच, सडपातळ, केस अगदी आखूड कापलेले. मोठ्यानं हसायच्या नाहीत, पण समोरच्याला हसवून स्वतः गंभीर राहायची त्यांची तऱ्हा होती.

निवृत्तीनंतर वर्षभर त्या नुसत्या अस्वस्थ होत्या. मग दादाचा लॅपटॉप मेला. तो काहीतरी अपडेट करत बसला असताना वीज गेली, बॅटरीत दम नव्हता, आणि नंतर बटन दाबलं की पंखा फिरायचा पण पडदा काळाच राहायचा. सीताबर्डीच्या दुकानदारानं तो उघडून पाहिला आणि मदरबोर्ड गेला, नवा घ्या, असं सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "बोर्ड कसा जाईन? बोर्ड तर जिता आहे. तो फक्त इसरला आहे, उठल्यावर पहिलं काय करायचं ते." त्यांनी ऑनलाइन एक वस्तू मागवली. काड्यापेटीएवढी काळी पट्टी होती ती. एका टोकाला यूएसबीची पिन, दुसऱ्या टोकाला हिरवा खाचांचा ठोकळा आणि त्याला एक दांडी. सोबत तारांची वेणी आणि तिच्या टोकाला चिमटा. हॉटेलात दोन माणसं जेवतील त्याहूनही स्वस्त. दादा म्हणाला, "हे तर खेळनं दिसते." वहिनी म्हणाल्या, "खेळनंच होय."

त्या वस्तूचं काम त्यांनी मला सांगितलं होतं, आणि मला समजलं ते असं. प्रत्येक यंत्रात आठ पायांची एक बारकी चिप असते. वीज गेली तरी न विसरण्याच्या गोष्टी तिच्यात लिहिलेल्या असतात. चिमटा त्या आठ पायांवर बसवायचा, पट्टी कॉम्प्युटरला लावायची, की चिपमधलं सगळं पडद्यावर उतरतं. अंक आणि इंग्रजी अक्षरं, ओळींमागून ओळी. बिघडलेला मजकूर असेल तर पुसून बरोबर असलेला पुन्हा लिहायचा. एवढंच. पण या 'एवढ्याच'मध्ये वहिनींचे कित्येक दिवस गेले. पट्टी स्वस्त, म्हणून तिच्यात खोटही होती. चिपला जेवढी वीज झेपते त्याहून जास्त ती देत असे. वहिनींनी आधी पट्टीच सुधारली, एक तार उचलून दुसरीकडे जोडली. मग चिमटा नीट बसेना. एकदा वाचलं की एक मजकूर यायचा, पुन्हा वाचलं की दुसरा. त्या जुन्या टूथब्रशनं चिपचे पाय घासत बसायच्या, कपाळाला भिंगाचा पट्टा, ओठ घट्ट मिटलेले. मी विचारलं, "दोन्ही वेळा थोडाच फरक आहे ना, मग चालवून घ्या." त्यांनी वर न पाहता सांगितलं, "भाऊजी, दोनदा वाचलं आनि दोनदा येगळं आलं, म्हंजे आपल्याले वाचताच आलं नाही. न वाचता लिहायचं काहून?"

शेवटी दोन वाचनं जुळली. त्यांनी मूळ मजकुराची प्रत ठेवली, योग्य तो मजकूर चिपमध्ये लिहिला, आणि दादाचा लॅपटॉप उठून बसला. दादानं सगळ्या आळीला सांगितलं. तिथून माणसं यायला लागली.

चुका झाल्या नाहीत असं नाही. शेजारच्या वासनिकांचा टीव्ही सुरू व्हायचा, कंपनीचं चिन्ह दाखवायचा आणि पुन्हा बंद पडायचा. वहिनींनी कुठूनसा त्याच जातीच्या टीव्हीचा मजकूर मिळवून लिहिला. टीव्ही सुरू झाला, पण चित्र उलटं. बातम्या देणारी बाई वटवाघळासारखी लटकलेली, वरच्या कडेला उलटे धावणारे मथळे. वासनिककाकू म्हणाल्या, "वं शालिनी, आता मी शीर्षासन करून पाहू का?" जात एक असली तरी पडदा वेगळ्या बनावटीचा होता. त्याची खूण फक्त जुन्या, बिघडलेल्या मजकुरातच होती, आणि घाईत या एकाच वेळी वहिनींनी त्याची प्रत घेतली नव्हती. काकूंनी तीन-चार दिवस बातम्या नुसत्या ऐकल्या. वहिनींनी खटपट करून ते सरळ केलं, पण त्यानंतर त्यांचा नियम पक्का झाला. समोर काहीही येवो, कितीही मोडकं असो, आधी जसं आहे तसं वाचून ठेवायचं. मोडक्यातसुद्धा त्याची-त्याची खूण असते, असं त्या म्हणत.

मी एकदा त्यांना विचारलं होतं की, या बारीक कामात तुम्हाला एवढं काय सापडतं. मला वाटलं होतं, हात चालता राहतो वगैरे काही सांगतील. "एक्स्चेंजमध्ये मी सारी जिंदगी लोकायच्या तारा जोडून देल्या," त्या म्हणाल्या. "कोन कोनाशी बोलून राहिलं ते समजे, काय बोलून राहिलं ते कधीच नाही. आयकायचं नाही, असा नियम होता न. आता मी वाचू शकते..." आणि मग लगेच, "तुम्ही पुस्तकं वाचता, मी हे वाचते. तुमच्यात निदान गोष्ट राहते. माझ्यात सारे एफ-एफ-एफ." कोऱ्या चिपमध्ये शून्यं नसतात, सगळीकडे एफ असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

वहिनींचा धाकटा भाऊ संजय. वर्धा रोडवर त्याचं जुन्या गाड्या घेण्या-विकण्याचं काम आहे. गोरा, गुबगुबीत, बोलका माणूस. आई लवकर गेल्यामुळे वहिनींनीच त्याला वाढवलं, लग्न होऊन आमच्याकडे आल्या तेव्हाही तो शाळेच्या सुट्टीत इथेच असायचा. दर रविवारी दुपारी तो यायचा, जेवायचा, दादाशी राजकारणावर भांडायचा आणि दिवाणावर पडून घोरायचा. तो एका रविवारी एका गाडीचं मीटर घेऊन आला. गाडीच्या समोर वेग आणि किलोमीटर दाखवणारी तबकडी असते, ती अख्खी काढून आणली होती. "ताई, हे मधातच बंद पडते. पाह्य न," तो म्हणाला. वहिनींनी ते उघडलं. आतला एक सांधा सुटला होता, तो सोल्डरनं पुन्हा जोडला. चिपही वाचून प्रत ठेवली, त्यांच्या सवयीप्रमाणे. मीटर सुरू झालं. मग संजय खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "आता त्या चिपमधला आकडा जरा कमी लिहून दे."

वहिनींना आधी खरंच कळलं नाही. "कोनता आकडा?"

"किलोमीटरचा. लय चालली आहे गाडी. एवढा आकडा पाहून गिऱ्हाईक पळते."

"चालली आहे त चालली आहे."

"सारेच करतात ताई. दोन मिनिटाचं काम आहे तुले. बाहेर देलं त तो मानूस चिप जाळून टाकते."

वहिनींनी मीटरचं झाकण लावलं, स्क्रू घट्ट केले, आणि ते त्याच्या हातात दिलं. "सांधा जोडून देला. नेऊन लाव." संजयनं जेवताना पुन्हा विषय काढला, चेष्टेच्या सुरात. त्यांनी त्याच्या ताटात भात वाढला. मला तेव्हा वाटलं, विषय संपला.

त्यानंतर काही महिन्यांनी एक बाई आल्या. नाव वर्षा ढोले. काटोलला एका दवाखान्यात परिचारिका होत्या, आणि नागपूरच्या एका मेकॅनिकनं त्यांना आमचा पत्ता दिला होता. वडिलांचं डायलिसिस नागपूरला होत असे. बसनं नेणं त्यांना झेपेना म्हणून त्यांनी जुनी गाडी घेतली होती, स्वतः चालवत आणायच्या. गाडी कमी चाललेली म्हणून घेतलेली, पण सारखी दुखणी काढत होती, आणि आता मीटरच काळं झालं होतं. मेकॅनिकनं ते काढून त्यांच्याजवळ दिलं होतं. बाई थकलेल्या होत्या, पण बोलणं नीटनेटकं, चिडचिड नाही. वहिनींनी त्यांना बसवलं, मीटर उघडलं, भिंग डोळ्यांवर ओढलं... आणि थांबल्या. मी खिडकीपाशी पेपर वाचत होतो. त्यांच्या थांबण्यानं मी वर पाहिलं. त्या एका सांध्याकडे पाहत होत्या. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "बाई, गाडी कोनाकडून घेतली?"

"वर्धा रोडवर संजयभाऊ आहे, त्यायच्याकडून. मानूस बोलाले चांगला वाटला."

वहिनींनी मान डोलावली. चिमटा बसवला, चिप वाचली. पुन्हा वाचली. मग जुनी प्रत उघडून शेजारी ठेवली. दोन्ही मजकूर सारखे होते, फक्त एका जागची काही अक्षरं वेगळी होती. किलोमीटरचीच. आकडा निम्म्याहूनही खाली आणला होता, आणि ज्या कुणी ते केलं होतं त्यानं आतली एक चपटी तार दुखावली होती, म्हणून मीटर काळं झालं होतं. त्या उठून आत गेल्या. मी मागोमाग गेलो. स्वयंपाकघरात दादा चहा टाकत होता. वहिनींनी ओट्याला टेकून हळू आवाजात आम्हा दोघांना सांगितलं, "हे संजयनं आनलेलं मीटर होय. सोल्डर माझं आहे."

दादानं गॅस बारीक केला. "शालू, मीटर सुधरवून दे आनि बाईले जाऊ दे," तो म्हणाला. "संजयचं मंग पाहू. तो तुझा भाऊ होय."

"म्हनून त सांगून राहिली."

"बाईले कुठं मालूम आहे?"

"मले मालूम आहे न."

दादा तसा सरळ माणूस आहे. पण संजय त्याच्याही अंगाखांद्यावर वाढलेला, आणि असल्या गोष्टी पोलिसांत जातात हे त्याला ठाऊक होतं. तो तसं म्हणाला. वहिनींनी ऐकून घेतलं. त्या क्षणी त्यांचा चेहरा कसा होता हे मला अनेकांनी विचारलं आहे, आणि माझं उत्तर असं की, चेहरा नेहमीसारखाच होता. फक्त हातातलं भिंग त्या पदरानं पुसत राहिल्या, ते स्वच्छ असूनही. मग त्यांनी फोन उचलला. "संजय, ते मीटर आलं आहे इथं. गाडीवाल्या बाई बसल्या आहेत. तू ये." पलीकडून तो काही बोलत असावा. "नाही," त्या म्हणाल्या, "मी नाही सांगनार. तू येऊन सांगशीन. नाही आला, त मंग मी सांगन."

त्या बाहेर जाऊन बसल्या, तार जोडू लागल्या. ढोलेबाईंना चहा दिला, वडिलांची विचारपूस केली. बाई सांगत होत्या, पाणी मोजून प्यावं लागतं त्यांना, संत्री तर अजिबात चालत नाहीत, आणि सारी उमर त्यांची बागेत गेली... मी पेपर समोर धरून तोच एक रकाना वाचत होतो. संजय येईल याची मला खात्री नव्हती. तो आला. फाटकापाशी गाडी लावून बराच वेळ आतच बसून होता. वहिनी उठून बोळात गेल्या. दार उघडं असल्यामुळे त्यांचं बोलणं मला ऐकू येत होतं.

"ताई, तुह्याजवळ जुनी कॉपी आहे ते मिटवून टाक. बस, एवढंच म्हन्तो. बाईले मी दुसऱ्या रस्त्यानं समजावतो."

"मिटवीन. मंग तुले मालूम नाही राहनार का?"

"सारेच करतात वं ताई..."

"सारे माह्या घरी जेवले नाहीत."

संजय आत आला. दारातच उभा राहिला. नेहमी मोठ्यानं बोलणारा हा माणूस इतक्या खाली आवाजात बोलला की बाईंना पुढे वाकावं लागलं. "बाई, गाडी मीटरमध्ये दाखवते त्याच्याहून लय जास्त चालली आहे. आकडा मी कमी करून आनला होता."

ढोलेबाईंनी कप खाली ठेवला. मला वाटलं, आता आरडाओरड होईल. त्यांनी फक्त विचारलं, "मागच्या महिन्यात काटोल रोडवर गाडी बंद पडली. बाबा मागं झोपले होते, दोन तास उन्हात. मी तुमाले फोन केला होता. तवा तुमी म्हनले, नवीसारखी गाडी आहे, डिझेलमध्ये कचरा असन. तवा तुमाले मालूम होतं?"

"होय," संजय म्हणाला.

बाईंनी पर्स उचलून मांडीवर घेतली, पुन्हा खाली ठेवली. "मंगळवारी बाबाचं डायलिसिस आहे," त्या म्हणाल्या. यावर संजयनं खिशातून स्वतःच्या गाडीची चावी काढून टेबलावर ठेवली आणि तो पायी फाटकाबाहेर गेला. वहिनी त्याच्या मागे गेल्या नाहीत. त्यांनी दोन्ही आकडे बाईंना पडद्यावर दाखवले, समजावून सांगितले, आणि विचारलं, "खरा लिहू?" बाई म्हणाल्या, "लिहा." त्यांनी लिहिला, मग पुन्हा वाचून पाहिला.

संजयनं गाडी परत घेतली, त्यांचा व्यवहार पुरता मिटवला, आणि बाईंना दुसरी गाडी मिळेपर्यंत त्याची स्वतःची गाडी काटोलला होती. हे सगळं त्यानं केलं, पण आमच्याकडे येणं बंद केलं. रविवार तसेच जाऊ लागले. दसऱ्याला सगळं कुटुंब आमच्याकडे जेवायला असतं, त्या वर्षी त्याची बायको-मुलं आली, तो आला नाही. दादा एकदोनदा म्हणाला, तूच फोन कर, मोठी आहेस. वहिनी म्हणायच्या, करीन. केला नाही. दुःख होतं का त्यांना? असणारच, पण त्याचा माझ्याजवळ काही पुरावा नाही. एवढंच पाहिलं की रविवारी दुपारी त्या काम घेत नसत. चिमटा, पट्टी, लॅपटॉप सगळं झाकून ठेवत आणि अंगणात झाडांना पाणी घालत राहत, ऊन असलं तरी.

जवळजवळ वर्ष गेलं असेल. एका रविवारी संजय आला. हातात मीटर. दारात चपला काढल्या, दादाला नमस्कार केला आणि मीटर वहिनींच्या टेबलावर ठेवलं. वहिनींनी मीटरकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "लिहायचं नाही. हे गाडी घेऊन राहिलो, मालक म्हन्तो कमी चालली आहे. फक्त वाचून दे." वहिनींनी पायानं स्टूल पुढे सरकवलं. "बैस." त्यांनी चिमटा बसवला, दोनदा वाचलं. चिपमध्ये मजकूर जिथं जिथं असायला हवा तिथं होता, पण एका जागी कुणीतरी हात घातल्याचं त्यांना दिसत होतं. मागची जुनी नोंद तशीच राहिली होती आणि पुढची तिच्याशी जुळत नव्हती. "खोटं बोलून राहिला तुहा मालक," त्या म्हणाल्या. संजय हसला. "तुले बरोबर समजते." "वाचलं त समजते." मग दादानं विचारलं, जेवशील ना, आणि तो जेवला, आणि दिवाणावर पडून घोरला.

तेव्हापासून रविवारचा तो क्रम झाला. एखादी गाडी घ्यायची तर संजय तिचं मीटर आणायचा, वहिनी वाचायच्या, आणि त्या जे सांगतील त्यावर तो घ्यायचा किंवा सोडायचा. सोडाव्याच जास्त लागत. धंदा त्यामुळे कमी झाला असं त्याची बायको म्हणायची, पण त्याच्याकडे पुन्हा येणारं गिऱ्हाईकही तयार झालं, असंही तीच म्हणायची. त्या पहिल्या मीटरबद्दल बहीण-भाऊ पुन्हा कधी बोलले असतील असं मला वाटत नाही. माझ्यासमोर तरी नाही. वहिनींनी त्याला हे वाचन शिकवण्याचा एकदा प्रयत्न केला होता. तो म्हणाला, "तू आहेस न," आणि उठून पापड भाजायला गेला.

पुण्यानुमोदनाला ढोलेबाई आल्या होत्या. त्यांचे वडील अजून आहेत. त्या आणि संजय एका सतरंजीवर, मधे दोन माणसं सोडून बसले होते. निघताना त्या त्याच्याशी काही बोलल्या, त्यानं मान हलवली. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

मागच्या रविवारी दुपारी मी खाली दादाकडे होतो. हल्ली जेवण आम्ही एकत्रच करतो. संजय आला. पिशवीत मीटर होतं. तो सरळ वहिनींच्या टेबलापाशी गेला, मीटर काढून ठेवलं, आणि मग उभाच राहिला... टेबल दादानं आवरलेलं नाही, पण लॅपटॉपचं झाकण बंद होतं. थोड्या वेळानं तो म्हणाला, "सवयीनं आलो गा." दादा म्हणाला, "असू दे. चहा घे." दादानंच मग सुचवलं, "सीताबर्डीले ते दुकान आहे न, तिथून करून घे. त्यायच्याजवळ हेच मशीन आहे, मोठंवालं."

"त्यायले लिहिता येते," संजय म्हणाला. "वाचून कोन सांगन?"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पलीकडे गाडीचा मालक असावा, घाईत होता, आवाज आमच्यापर्यंत येत होता. दुसरं गिऱ्हाईक उभं आहे, घेता की नाही ते आत्ता सांगा, असं काहीसं. संजयनं मीटर उचलून पिशवीत ठेवलं. मग खिडकीकडे तोंड करून तो फोनवर म्हणाला, "नाही गा भाऊ. देऊन टाका त्यायले. ...नाही, गाडीत खराबी नाही. चांगलीच असन तुमची गाडी. पन वाचली नाही न आमी."